पेवाच्या तोंडाशी कोण?

अलीकडे आमच्या तरुण मंडळींत एका नव्या भयाने घर केले आहे. महायुद्ध पेटेल, बँका बुडतील, वीज कायमची जाईल, आणि मग ज्याच्या घरात वर्षाचे धान्य, छपरावर सौरपट्ट्या, परसात विंधनविहीर आणि दाराला भक्कम कडी असेल तोच तगेल, असे त्यांना सांगितले जाते व ते त्यांना पटते. एरवी विवेकी असलेली कुटुंबेही आता डबाबंद अन्नाची मोजदाद करू लागली आहेत.

या मंडळींना आम्ही हसणार नाही. 2020 सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा शेतात भाजी सडत होती आणि शहरात ती मिळत नव्हती, हे सर्वांनी पाहिले. ज्या सोलापूरला शंभर किलोमीटरहून लांब नळाने उजनीचे पाणी आणावे लागते, आणि ज्याला कित्येक वर्षे तेही काही दिवसांआड मिळत आले, तेथे उद्याची चिंता करणारा मूर्ख ठरत नाही. धान्य टिकवावे कसे, बियाणे राखावे कसे, हातपंप उघडून दुरुस्त करावा कसा, हे शिकलेच पाहिजे. आमचे भांडण कसबाशी नाही, त्या कडीशी आहे.

साठवणीची विद्या आपल्या जिल्ह्याला परक्यांकडून शिकावी लागत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, महिनोन्‌महिने टिकणारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही आपलीच शिदोरी. आणि पेव! जमिनीत खोल खड्डा घ्यावा, आतून कडब्याचे अस्तर द्यावे, ज्वारी भरून तोंड मातीने लिंपावे. आतला प्राणवायू संपतो, कीड मरते, दाणा टिकतो. पण ज्या कोंडलेल्या हवेने कीड मरते तिनेच माणूसही मरतो. म्हणून पेव उघडले की जाणता शेतकरी लगेच आत उतरत नाही. तो हवा खेळू देतो, दिवा सोडून पाहतो, कमरेला दोर बांधतो आणि दोराचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती देतो. पेव ही एकट्याने वापरण्याची वस्तूच नव्हे. दाराला कडी घालून बसलेल्या स्वयंपूर्ण गृहस्थाने पेव भरले, तर ते उघडायच्या दिवशी तो दोर कोणाच्या हाती देणार?

जुने ते सारे सोने, असेही आम्ही म्हणत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे शेजारच्या किल्लारी परिसरात हजारो माणसे गाडली गेली, ती वाडवडिलांच्या पद्धतीनेच बांधलेल्या घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांना आरपार सांधणारे दगड नाहीत, आणि माथ्यावर माळवदाचा भार. कसबालाही परीक्षा लागते. ती घेणारा अभियंता घराबाहेरच भेटतो.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा तालुक्यांतील गावांत पाणी शिरले. कणगी भरलेली होती काय आणि रिकामी होती काय, पुराने भेद केला नाही. भिजलेल्या ज्वारीला मोड आले की साठवणीचे शास्त्र संपते. तेथे होडी लागते, आणि कोरड्या गावातून आलेली भाकरी.

‘पण त्या वेळी शेजारीच लुटारू होतील,’ असे आम्हाला सांगितले जाते. सोलापूरकराने तरी हे बोलू नये. मे 1930 मध्ये या शहरातून राज्ययंत्रणाच काही दिवस मागे सरली होती. 8 मेच्या गोळीबारानंतर जाळपोळ झाली, पोलीसही मारले गेले. ते आम्ही लपवीत नाही. पण त्यानंतर 12 मे रोजी लष्करी कायदा येईपर्यंत शहराची व्यवस्था स्वयंसेवकांनी सांभाळली. ही शिस्त आकाशातून पडली नव्हती. सभा, फेऱ्या, गिरणगावातील संघटना यांतून माणसे आधीच एकमेकांना ओळखत होती.

आणि कोसळणे म्हणजे काय, हे गिरणी कामगाराच्या घरी विचारावे. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजीपर्यंत येथील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या चाळींतून जगबुडी केव्हाच येऊन गेली; तिची वार्ता कोणी भयकथा म्हणून सांगितली नाही, इतकेच. तेव्हा अनेक घरे तगली ती बायकांच्या विड्या वळणाऱ्या बोटांवर. विडीचे गोडवे आम्ही गात नाही. तंबाखूची धूळ किती छातींत बसली ते आम्हाला ठाऊक आहे. पण याच स्त्रियांनी एकत्र येऊन, कमाईतला वाटा घालून आणि सरकारकडून हक्काचा वाटा मिळवून कुंभारीला 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. 2006 साली त्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. झेंडा लाल होता म्हणून आमच्यातील काहींनी तिकडे पाहिले नाही. पाहायला हवे होते.

उत्पत्तीच्या ग्रंथातील योसेफाचे उदाहरण आम्हाला हटकून ऐकवले जाते: त्यानेही सात वर्षे धान्य साठवलेच ना? साठवले, पण साऱ्या देशासाठी. शिवाय त्याच धान्यापायी लोकांनी आपली गुरे, जमिनी आणि अखेर स्वतःला फारोच्या हवाली केले, हेही तेथेच लिहिले आहे. ते मात्र कोणी वाचत नाही. कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला, हा प्रश्न कोठाराइतकाच जुना आहे. स्वीडनच्या सरकारने 2018 साली आणि पुन्हा 2024 साली संकटकाळाची पुस्तिका घरोघरी धाडली. तिनेही आठवडाभराची तरतूद करण्यास सांगितले, पण कशासाठी? धडधाकटांनी आपले आपण भागवले, तर मदत आधी दुर्बलांपर्यंत पोहोचेल म्हणून.

तेव्हा ज्यांना शिकायचे आहे त्यांनी अवश्य शिकावे, पण चौकात शिकावे. आपल्या वस्तीत हातपंप कोणाला दुरुस्त करता येतो, आड उपसायला किती माणसे लागतील, कोणती म्हातारी एकटी राहते, याची यादी या उन्हाळ्यापूर्वी व्हावी. पुढच्या रब्बीचे निवडलेले बियाणे एकाच घरी न ठेवता चार घरी ठेवावे. आणि ज्या घरात इन्शुलिन थंड ठेवावे लागते, त्या घराला शेजारच्या सौरपट्टीची तार आधी मिळेल, एवढे तरी आताच, वीज असतानाच, ठरवून टाकावे.