पद्मिनीचे पोवाडे पुरे!

वाचकहो, दिवाळीला चार नातलग फराळाला जमले की जुन्या आठवणींचे गाठोडे सुटतेच. त्यात पद्मिनी मोटारीचा पोवाडा हटकून असतो. “काय गाडी होती रे बाप्पा! नाहीतर ती मारुती, नुसता पत्र्याचा डबा!” अमरावती असो की अकोला, कोणीतरी काका असे म्हणतात आणि सारे माना डोलावतात. आम्ही मात्र डोलावणार नाही.

पद्मिनीचे गुण आम्हांस ठाऊक आहेत. वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० ने हा देशी अवतार घेतला. १९७४ साली तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघे बसत. तालुक्याचा मिस्त्रीही पाना-पक्कड घेऊन तिला पुन्हा चालती करी.

पण त्या बाकावर बसत कोण? जिनिंगचा मालक, नामांकित वकील, मोठा डॉक्टर! परवान्यांच्या त्या काळात मोटारी बनवणाऱ्या कंपन्या मोजून तीन. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. वाड्यापुढे गाडी उभी राहिली की आळीतली पोरे तिला हात लावून पळत. आज ज्याला आपण तिचा रुबाब म्हणतो, त्यातला निम्मा रुबाब इतरांच्या दारी गाडी नसण्याचा होता. आणि वऱ्हाडच्या उन्हाने तोही उतरे. मे महिन्यात बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडे. मग इंजिनाच्या पंपावर ओले फडके टाकून लिंबाच्या सावलीत बसायचे! हे हाल पोवाड्यात कोणी गात नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. किंमत सुमारे ५० हजार रुपये. प्रारंभी तिच्यासाठीही चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, हे खरे. पण पुढे गाड्या मुबलक झाल्या. इंजिन अवघे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे. त्याचा जोर थेट पुढच्या चाकांना; मागच्या चाकांपर्यंत जाणारा जड दांडाच नको. म्हणून वजन कमी आणि पेट्रोलही कमी. २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत २५ लाखांहून अधिक गाड्या खपल्या. नवी न परवडली तर सेकंडहँड घेऊन शिक्षक, कारकून, किराणा दुकानदारही मोटारवाले झाले.

पत्रा पातळ होता, मान्य. पण जाड पत्रा म्हणजे सुरक्षितता, हा भाबडा समज आहे. धडक बसली की गाडीने ठरावीक जागी चुरगळून आघात स्वतः सोसायचा असतो. ती हटून बसली तर तो आघात माणसांवर येतो. आजच्या कसोटीला या दोघींपैकी एकही उतरणार नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. तिला संग्रहालयात मानाची जागा अवश्य द्यावी. पण तिच्या निमित्ताने टंचाईची आरती ओवाळू नये. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. त्याच रस्त्याने या दिवाळीत मास्तरांच्या आणि कंडक्टरांच्या लेकी आपापल्या गाडीने माहेरी येतील. त्यांच्यापुढे पोवाडा गाताना काकांनी एवढे जरूर सांगावे, की त्या सुवर्णकाळात या लेकी एस.टी.च्या रांगेत उभ्या असत्या.