रंगाचे पाणी कुणाच्या रानात?

मानवत-सेलूच्या बाजारात हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. इथून पांढरा गेलेला कापूस लाल-निळे कापड होऊन आमच्याच दुकानांत परत येतो. मधल्या वाटेत त्याने कुणाचे पाणी नासवले, हे आम्ही विचारत नाही. विचारले तर कापड महाग पडेल, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. परभणीकरांवर, आणि त्यांतल्या माझ्यावरही, माझा आरोप हाच आहे.

सुती कापड आज बहुतेक रिॲक्टिव्ह रंगांत रंगवतात. गडद छटा हवी तर लिटरमागे 50 ग्रॅम, कधी त्याहून जास्त मीठ घालावे लागते, वर सोडा. तरीही बराच रंग धाग्याला न धरता धुण्याच्या पाण्यात उतरतो. पाण्यातला रंग काढता येतो. विरघळलेले मीठ काढणे फार खर्चाचे, म्हणून ते नदीत जाते आणि पुढे जमीन खारवते.

तमिळनाडूत नोय्यल नदीवर 1992 साली ओरत्तुपाळयमचे धरण शेतीसाठी बांधले. त्यात तिरुप्पूरच्या डाईंग कारखान्यांचे सांडपाणी साठले. ज्यांच्यासाठी धरण झाले, तेच शेतकरी ते पाणी नको म्हणू लागले, कोर्टात गेले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या एकेका पाळीसाठी भांडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला या नकारातले दुःख समजावून सांगावे लागणार नाही. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो कारखाने बंद केले. आणि तमिळनाडूच कशाला, इचलकरंजीच्या सांडपाण्याने पंचगंगेचे काय केले ते महाराष्ट्राने पाहिले आहेच.

आम्ही मात्र गंगाखेडला गोदावरीत डुबकी मारून पुण्यवान होतो. जयंत्या आल्या की गावभर झेंडे, पताका, उपरणी. कुणाचा रंग वर आणि कुणाचा खाली, यावरून डोकी फोडणारा समाज तो रंग कुठल्या नदीत धुतला गेला याची चौकशी करत नाही!

वनस्पतिजन्य रंगांचे नाव घेऊन सुटू पाहणारेही आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठात त्यावर झालेले काम मोलाचे आहे. पण हिरडा, मंजिष्ठ आणि पळसफुलांवर साऱ्या देशाचे कापड रंगणार नाही. रंग पक्का करायला मोरचूद वापरला तर तांबेही पाण्यात उतरते. शिवाय ते कापड महाग. ऐपतवाला ते नेसून निर्धास्त होईल, गरिबाच्या कापडाचा रंग नाल्यातच जाईल.

सांडपाणी शुद्ध करून पाणी आणि मीठ पुन्हा वापरता येते. कोर्टाच्या बडग्यानंतर तिरुप्पूरने ते करून दाखवले. त्याचा खर्च कापडाच्या भावात धरावा लागतो. लग्नाच्या बस्त्यात मानपानासाठी हजारो उधळताना आम्हाला महागाई आठवत नाही, इथेच बरी आठवते. सांडपाणी नदीत सोडणाऱ्याचे कापड मुलांच्या गणवेशाला घेणार नाही, असा ठराव गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत मांडायला आपल्याला कुणाची परवानगी हवी आहे?