जन कोण, संपर्क कुणाचा?

आमच्या धाकटीने एम.ए. पुरं केलं. पब्लिक रिलेशन्समध्ये. मराठीत त्याला जनसंपर्क म्हणतात. ही बातमी मी आपल्या मंडळींत सांगितली तेव्हा एक दोस्त, जो कवितेत रोज व्यवस्थेला आग लावतो, तो म्हणाला, "म्हणजे शेठजीची पिपाणी वाजवायचं शिक्षण." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

मी मॅट्रिक. हल्ली दहावी म्हणतात, पण आमच्या वस्तीतले म्हातारे अजून मॅट्रिकच म्हणतात. गोदीत कंत्राटावर आहे. कायम कामगार आज्याच्या पिढीत असायचे. १९९४ साली डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं, माल कंटेनरात गेला, कंटेनर न्हावाशेव्याला गेले, आणि आमच्या हाती पोलादाच्या कॉइली राहिल्या. जाता जाता एक सांगतो. सरकारच्या मांडीवर बसणाऱ्या चॅनलवाल्यांना आजकाल 'गोदी मीडिया' म्हणतात. हिंदीत गोदी म्हणजे मांडी. मुंबईत गोदी म्हणजे जिथे आमच्या बापांची कंबर मोडली ती जागा. त्या लोकांना आमचं नाव कशाला देता?

तर धाकटीचा अर्ज. जातीचा दाखला, पडताळणीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आणि बी.ए.नंतर आईच्या आजारपणात एक वर्ष घरी बसली त्याचं ॲफिडेव्हिट. माणूस एक वर्ष कुठे होता हे स्टॅम्पपेपरावर लिहून द्यावं लागतं. माझे तीन खाडे झाले. प्रवेशपरीक्षेत पास झाली. मग मुलाखत. टेबलामागे तिघं. एकाने इंग्रजीत विचारलं, घरी पेपर कुठला येतो? ही म्हणाली, "सगळेच येतात. आई रद्दीच्या दुकानात कागद निवडते. फक्त शिळे येतात." ते हसले म्हणे. पण घेतलं.

फीची गोष्ट लांबवत नाही. स्कॉलरशिपला उत्पन्नाची अट अडीच लाखांची. त्यात आम्ही आरामात बसतो, आणखी दोन घरं घेऊन बसू. अशा पोराकडून आगाऊ फी घ्यायची नाही असा नियम आहे. खिडकीवरचा माणूस म्हणाला, आधी भरा, आली की परत. मी मुकादमाकडून उचल घेतली. अजून फिटतेय.

पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी शिकवलं, 'पब्लिक' म्हणजे ज्यांच्या मताने संस्थेला फरक पडतो ते लोक. धाकटीने हात वर केला. ज्यांच्या मताने फरक पडत नाही ते कोण, सर? सर म्हणाले, ते आपल्या सिलॅबसमध्ये नाहीत. चिडून नाही, अगदी सरळपणे म्हणाले. म्हणजे आम्ही कुठे आहोत हे पहिल्या आठवड्यातच कळलं. वाईट काय झालं?

एका रात्री ती मला म्हणाली, "दादा, या धंद्याचा बाप कोण माहितीये?" आयव्ही ली नावाचा अमेरिकन. पेपरवाल्यांना स्वतःहून माहिती पुरवायची ही त्याची १९०६ सालची शक्कल. पुस्तकात त्याचं मोठं कौतुक. पुस्तकात जे एका ओळीत उरकलंय ते तिने लायब्ररीत जाऊन काढलं. कोलोरॅडोतल्या लडलोला रॉकफेलरच्या कोळसा खाणीतल्या कामगारांचा संप होता. घरांतून हाकललेले संपकरी बायकापोरांसह तंबूंत राहत होते. २० एप्रिल १९१४ ला शिपायांनी त्या वस्तीवर गोळ्या झाडल्या, तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेली अकरा मुलं आणि दोन बाया गुदमरून मेल्या. त्यानंतर रॉकफेलरने कुणाला बोलावलं? या बापाला. त्याने मालकाच्या बाजूची पत्रकं छापून देशभर वाटली. त्यात संपाच्या पुढाऱ्यांचे पगार कैक पटींनी फुगवून टाकले. चौकशीत ते आकडे खोटे निघाले. मी हे जेवणाच्या सुट्टीत टोळीत सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "बयाऐंशीच्या गिरणी संपात असली पत्रकं मी वाचलीत." त्याला एम.ए. लागलं नाही.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप. दोन महिने, बिनपगारी. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत ऑफिस. रेल्वेचा पास आपला, डबा आपला, काम त्यांचं. आमच्या आज्याला विचारलं असतं तर त्याने एका शब्दात सांगितलं असतं: वेठ. तिथे तिला एका बिल्डरची प्रेसनोट लिहायला दिली. वस्ती उठवली होती त्याची. तिने लिहिली, चांगली लिहिली, मॅडमने पाठ थोपटली. घरी येऊन मला वाचून दाखवली. त्यात घर नव्हतं, बुलडोझर नव्हता, माणूस नव्हता. 'जागा मोकळी झाली.' मी म्हटलं, कुणी केली? ती म्हणाली, "दादा, तेच तर. कर्ता काढून टाकायचा. दोन वर्षांत शिकवलेलं सगळं एवढ्यात मावतं."

आता शांतपणे ऐका. आपल्या बापजाद्यांकडे गावात काय काम होतं? मेलेल्याचा सांगावा गावोगाव न्यायचा. दवंडी द्यायची. सरकारी टपाल डोक्यावर घेऊन पळायचं. रात्री-अपरात्री, पावसात, भाकरीच्या तुकड्यावर. म्हणजे या महाराष्ट्रात बातमी पोचवण्याचं काम शतकानुशतकं महारांनी केलं, आणि बातमी लिहायचा हक्क दुसऱ्यांकडे राहिला. याच वतनाच्या बेडीवर घाव घालायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. आज जनसंपर्काचा पगारी येसकर होऊन मालकाचा सांगावा पोचवणारी आपली पोरं मला दिसतात. त्यांचा राग मलाही येतो. पण दोस्ता, तू म्हणतोस ते शिक्षणच नको. तिथे तुझी-माझी वाट फुटते.

कारण धाकटीने प्रबंधाला विषय घेतला रमाबाई नगर. ११ जुलै १९९७. घाटकोपरला बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार सापडला, लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. मग आला टँकर. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार 'करावा लागला'. गुंडेवार आयोगाने टँकरची ती गोष्ट मान्य केली नाही, गोळीबार अनावश्यक ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने फौजदाराला जन्मठेप सुनावली. पण बारा वर्षं टँकर पळत राहिला. आजही कुठल्या ऑफिसात विषय काढा, कुणीतरी म्हणतंच, टँकर होता ना हो तिथे? हा टँकर कुणी बांधला, कुठल्या वाक्याने, कुठल्या हेडिंगने, हे शोधायचं होतं तिला.

गाईड म्हणाले, विषय भावनिक आहे, तुझी तटस्थता राहणार नाही. एखादा साबणाचा ब्रँड घे. साबणाबद्दल ती तटस्थ राहील हे त्यांनी कसं ठरवलं कोण जाणे. सहा महिने ती भांडली. शेवटी तडजोड झाली: आत काय लिहायचं ते लिही, शीर्षकात रमाबाई नगर नको. शीर्षक झालं 'संकटकालीन जनसंपर्क : एक अभ्यास'. कर्ता काढला! पण आत ती १२ जुलैपासूनचे पेपर काढून बसली. टँकर कितव्या ओळीत, मेलेल्यांची नावं कितव्या ओळीत, नावं आहेत का, हे पट्टी लावून मोजलं तिने. हे मोजायचं कसं ते तिला त्याच वर्गाने शिकवलं, दोस्ता. माझ्या कवितेने नाही. तुझ्याही नाही.

आणि बाहेर कोण बसलंय ते बघ. २००६ साली दिल्लीतल्या माध्यमांच्या ३१५ निर्णय घेणाऱ्या पदांची पाहणी झाली. त्यांत दलित शून्य, आदिवासी शून्य. २०१९ साली पुन्हा मोजलं, देशातल्या न्यूजरूमांतली वरची १२१ पदं. १०६ सवर्ण, आपण पुन्हा शून्य. तेरा वर्षांत शून्याचं शून्यच. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबियाची एम.ए. घेतली आणि ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. शाहू महाराजांनी अडीच हजार दिले. पैसे देऊन साधी जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता. पुढे 'बहिष्कृत भारत'चे चोवीस-चोवीस रकाने ते एकट्याने भरत. पदवी आणि छापखाना यांत त्यांनी कधी भांडण लावलं नाही. ते आपण लावतोय, चहाच्या टपरीवर, दुसऱ्याच्या बहिणीवर हसून.

धाकटीला आता त्या काचेच्या ऑफिसातून नोकरीची चिठ्ठी आलीये. घ्यावी की नाही यावर घरात रोज भांडण. मुकादमाची उचल बाकी आहे, म्हणून आई म्हणते घे. मी गप्प बसतो. गप्प बसणं हेही एक मत आहे, हे मला ठाऊक आहे.

प्रबंधाला 'ब' श्रेणी मिळाली. एक प्रत विद्यापीठात, एक आमच्या पत्र्याच्या पेटीत. गेल्या आठवड्यात मी ती गोदीत नेली, चार दुपारी टोळीला वाचून दाखवली. कॉइलीच्या सावलीत बसून लोकांनी ऐकली. एकाने विचारलं, हे छापणार कोण?

संपादकहो, हाताने लिहिलेली एकशेदहा पानं आहेत. रमाबाई नगर हे नाव शीर्षकात घालून. किती पानं देता बोला.