सायकल कडेला ढकलू नका

या आठवड्यात साताऱ्यातल्या एका शाळेत वाहतुकीचे धडे देताना मुलांना पुन्हा तेच सांगितलं गेलं: सायकल रस्त्याच्या अगदी कडेनं चालवा. मला या सल्ल्याचा संताप येतो, कारण तो मनापासून पाळणारं मूलच अडचणीत सापडतं.

हंगामात कोरेगाव किंवा तासगाव रस्त्यावर कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी बघा. गाडीवान बैल साइडपट्टीवर घालत नाही, तिथं चाक रुततं. गाडी डांबरावरूनच चालते. मागचा मोटारवाला वेग कमी करतो, समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबतो आणि पलीकडच्या बाजूनं पुढे जातो. गाडीच्या रुंदीपुढे त्याला दुसरा मार्गच नसतो. तिथंच सायकल कडेला चिकटून चालली, की शेजारी एक फसवी फट राहते. समोरून एसटी येत असली तरी मागच्या मोटारवाल्याला वाटतं, आपण बसू यात. हँडलला आरसा घासतो तो अशाच वेळी. अरुंद रस्त्यावर सायकल दीड-दोन हात आत घेतली की ती फटच उरत नाही, आणि खड्डा चुकवायला डावीकडे जागाही राहते. मागची वाहनं थोडी खोळंबतील. बैलगाडीमागे खोळंबतातच की!

कडेला साइडपट्टीचाही धोका आहेच. डांबराचा नवा थर पडतो, मुरूम भरायचा राहतो आणि कडेला पायरी तयार होते. सायकलचं चाक तिथून उतरलं की माणूस पडतोच.

साताऱ्याच्या राजपथावर धोका वेगळा. उतारावर सायकल वेगात असते आणि उभ्या मोटारीचं दार अचानक उघडतं. आपल्यासारखीच डावीकडून वाहनं चालवणाऱ्या ब्रिटननं जानेवारी 2022 मध्ये नियमावली सुधारली: संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ सायकलस्वारानं लेनच्या मध्यावर राहावं, उभ्या वाहनांपासून मीटरभर अंतर ठेवावं. साताऱ्यातल्याच पोवई नाक्याच्या चौकाला हे तंतोतंत लागू पडतं. चौकात डावीकडे वळणारी गाडी कडेच्याच सायकलला कापते.

अंधारात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागून आला, तर मात्र रस्ता सोडून थांबावं. बाहेर आलेला ऊस आणि हेलकावणारी मागची ट्रॉली यांच्याशी हुज्जत नको. पण त्या ट्रॉलीला लाल दिवे आणि रिफ्लेक्टर लावून घेणं कारखान्यांचं आणि आरटीओचं काम आहे. शाळकरी पोराला कडेला ढकलून ते होत नाही.