पदराची मागची बाजू

येवल्याच्या दुकानात एखादी जाणती बाई पैठणी बघायला बसली की आधी पदर उलटून बघते. रंग, काठ, किंमत हे सगळं त्यानंतर. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरचा मोर पुढून दिसतो तसाच मागूनही दिसतो. त्या मोराच्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. विणकर ती ताण्यातून हाताने फिरवतो आणि एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागे वळवतो. यंत्रमागावर जॅकार्डने काढलेल्या मोराच्या पाठीला मात्र सुटे धागे लोंबत राहतात, नाहीतर ते कापल्याच्या खुणा दिसतात. हे शाळेत कुणी शिकवत नाही. आई, मावशी, आत्या खरेदीला बसलेल्या असताना शेजारी कंटाळून बसलेल्या मुलीच्या कानावर ते पडतं आणि वीस वर्षांनी तिच्याच लग्नाच्या बस्त्यात उपयोगी येतं.

या जाणतेपणाला आपल्याकडे हौस म्हणतात, आणि हौस हा शब्द फारशा आदराने कुणी उच्चारत नाही.

भाषाच बघावी. गाणं कळणारा तो दर्दी. अत्तर कळणारा शौकीन. चांगल्या मिसळीसाठी भल्या पहाटे गाडी काढून दुसऱ्या गावाला जाणारा खवय्या. हे सगळे मानाचे शब्द आहेत आणि बहुतेक वेळा ते पुरुषांसाठी वापरले जातात. आरशासमोर दहा मिनिटं जास्त थांबली की बाई मात्र नटवी ठरते आणि तिने केलेल्या सगळ्या सायासाचं नाव नट्टापट्टा. जेवणाच्या बाबतीतही तेच. बाईने चांगलं रांधलं तर ती सुगरण, पण तिने स्वतः चवीने, मागून घेऊन खाल्लं तर तिच्यासाठी कौतुकाचा शब्द सहज सापडत नाही. जिभेचे चोचले म्हणून तिचीच चेष्टा होते. कपडे, साजशृंगार आणि खाणं या तीन गोष्टींबद्दलची आवड उथळ असते, असं आपण इतकी वर्षं धरून चाललो आहोत की तिच्यातलं ज्ञान कुणी मोजलेलंच नाही.

त्या ज्ञानावर किती हातांचं पोट चालतं, हेही पाहायला हवं.

पैठणीचंच घ्या. एखादी साधी पैठणी मागावरून उतरायला काही आठवडे लागतात; पदर भरगच्च असेल तर काही महिने, कधी वर्षसुद्धा. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण कागदावरच्या मानांकनाने माग चालत नाही, त्याला गिऱ्हाईक लागतं. २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं. आदेश बांदेकर भावोजी बनून घराघरांत जात, खेळ खेळत आणि जिंकलेल्या वहिनींना पैठणी मिळे. जुन्या श्रीमंत घरांच्या पेट्यांत जपलेलं हे वस्त्र तेव्हापासून रोज संध्याकाळी चाळीतल्या आणि वाडीवस्तीवरच्या बायकांच्या डोळ्यांसमोर येऊ लागलं. आपल्यालाही एक पैठणी असावी, असं लाखो घरांत वाटायला लागलं. त्या वाटण्याला हसणाऱ्यांनी येवल्यात जाऊन मागाचा आवाज ऐकावा.

खणाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. खणाचं कापड मूळचं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं, गुळेदगुड्डचं. रुंदी बेताची, एका चोळीपुरती. ओटीत तांदूळ आणि नारळ यांच्यासोबत खण असायचाच, पण पुढे पुढे तो शिवला जाईनासा झाला. एकीच्या ओटीतला खण दुसरीच्या ओटीत, तिथून तिसरीच्या, असा घरोघर फिरत राहायचा. मग गेल्या काही वर्षांत तरुण मुलींनी तो कपाटातून काढला. त्याचे कुर्ते झाले, जाकिटं झाली, पिशव्या झाल्या, कानातली झाली, मुलांच्या टोप्या झाल्या. आजीच्या पिढीला खणाची साडी माहीत नव्हती, कारण एवढ्या अरुंद कापडाची साडी होतच नव्हती. ती या मुलींच्या हौसेने जन्माला घातली. परंपरा जपा म्हणून भाषणं करणाऱ्यांनी खणासाठी जे केलं नाही, ते हळदीकुंकवाला काहीतरी वेगळं नेसायचं ठरवलेल्या पोरींनी केलं.

खटकणारी गोष्टही इथेच सुरू होते. बाजारातल्या बहुतेक खणाच्या साड्या यंत्रमागावरच्या असतात. त्यात गैर काही नाही. परवडणारी साडी प्रत्येकीला हवी आणि यंत्रमागावरही माणसंच काम करतात. गैर आहे ते यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून विकणं, आणि न विचारता ते घेणं. ‘सेमी पैठणी’ हा शब्द निदान प्रामाणिक तरी आहे. त्यातला ‘सेमी’ गाळून विकलेली साडी घेणारीलाही फसवते आणि ज्याच्या घरात खरा माग आहे त्यालाही.

गिऱ्हाइकाची नजर तयार असली की काय होतं, ते कोल्हापुरी चपलेने दाखवलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने चामड्याच्या सपाट चपला आणल्या. कंपनीने त्यांचं वर्णन नुसतं चामड्याच्या चपला एवढंच केलं. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. पण अंगठा, पट्टा आणि कान बघितल्यावर महाराष्ट्रात आणि कर्नाटकात लोकांनी त्या एका नजरेत ओळखल्या. कुठल्या समितीचा अहवाल यायची वाट कुणी पाहिली नाही. ज्यांनी आयुष्यभर कोल्हापुरी पायात घातली होती, नवी असताना तिचं चावणं सोसलं होतं, तेल लावून ती मऊ केली होती, त्यांनीच आवाज उठवला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र पाठवलं आणि कंपनीला मान्य करावं लागलं की या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतली आहे. जुलैमध्ये कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यानुसार इथल्या कारागिरांकडून सुमारे २,००० जोड करून घ्यायचे आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर, असं ठरलं.

त्यातले कारागिराच्या हातात किती पडणार, हा प्रश्न विचारत राहिलाच पाहिजे. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. मानांकनाचा कागद तयार होता, पण त्याला बळ आलं ते ओळखणाऱ्या लाखो डोळ्यांमुळे.

आता या डोळ्यांनी थोडं आणखी खोल बघायला हवं. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. शिलाई चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. वेणी घालण्याचं, पट्टे सजवण्याचं बारीक काम बहुतेक घरातल्या बायका करतात. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाळी हे प्रकार वेगवेगळे आणि त्यांची घडणही वेगवेगळी. कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्याजवळच्या चप्पल लाइनीत खरेदीला जाणाऱ्या किती जणांना यातला एक तरी प्रकार नावाने मागता येतो? नावाने मागितलं की दुकानदार आतली चप्पल बाहेर काढतो. नुसतं ‘कोल्हापुरी दाखवा’ म्हटलं तर रेक्झिनची आणि चिकटवलेलीही पुढ्यात येऊ शकते.

खाण्याच्या बाबतीत मराठी माणूस या कसोटीला जास्त उतरतो. मिसळीवरच्या तिखट रश्शाला पुण्यात सँपल म्हणतात, कोल्हापुरात कट, विदर्भात तर्री. पाव हवा की ब्रेडच्या स्लाइस, फरसाण किती, मटकी मोड आलेली आहे ना, यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. हा वाद वेळ घालवण्यासाठी नसतो. तो सुरू असतो म्हणूनच रस्सा पातळ करणारा हॉटेलवाला त्या गावात टिकत नाही. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला, तोवर कित्येक वर्षं तिची परीक्षा दादरकर रोज सकाळी घेत होते.

ही परीक्षा घेणाऱ्या जिभा घरात तयार झाल्या, आणि त्यांच्यामागे पुस्तकंही होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ हे हजार पाकक्रियांचं पुस्तक १९१० मध्ये आलं. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी स्वयंपाकघरात कायमची जागा करून बसली. ‘अंदाजाने मीठ’ या दोन शब्दांत दडलेलं कौशल्य कमलाबाईंनी मोजून, लिहून, सासरी किंवा परदेशी एकट्या पडलेल्या मुलीच्या हातात दिलं. अमेरिकेला जाणाऱ्या मराठी मुलींच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ‘रुचिरा’ असायची. एवढा वाचकवर्ग आपल्या किती थोर ग्रंथांना लाभला? तरी मराठी साहित्याच्या इतिहासात पाककृतींच्या पुस्तकांना प्रकरण मिळत नाही.

साजशृंगाराचा भाग अधिक नाजूक आहे. तिथे हौसेच्या शेजारीच न्यूनगंड उभा असतो आणि बाजाराला न्यूनगंडावर पैसा करणं सोपं जातं. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये भारतात आली आणि सावळ्या मुलींना पंचेचाळीस वर्षं सांगत राहिली की गोरी झालीस तरच लग्न, नोकरी, मान. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला. त्या ट्यूबला हौस म्हणता येणार नाही. ती भीतीची विक्री होती. हौस वेगळी असते. मुंबईत पाटणवालांनी काढलेल्या ‘अफगाण स्नो’चा डबा घरात आला आणि ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठीत रुळला. १९५२ मध्ये टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केली आणि देशातच बनलेली लिपस्टिक मध्यमवर्गीय मुलींच्या पर्समध्ये आली. पहिल्या पगारातून ती घेणाऱ्या मुलीला कुणाची परवानगी नको होती, हे त्या लिपस्टिकच्या रंगाइतकंच महत्त्वाचं होतं.

आणि ज्यात कंपनीचा संबंधच नाही अशी सुरंगी. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ आसोली परिसरात या फुलांची झाडं आहेत. वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने, उन्हाळ्याच्या तोंडावर, कळ्या येतात. त्या उमलायच्या आधी, सकाळी लवकर काढाव्या लागतात. माणसं झाडावर चढून त्या काढतात, बायका वळेसर ओवतात आणि दुपारपर्यंत बाजारात आणतात. उरलेल्या कळ्या सुकवून अत्तरासाठी व्यापाऱ्यांकडे जातात. केसांत वळेसर माळायची कोकणातल्या आणि गोव्यातल्या बायकांची आवड आहे, म्हणून ही झाडं सरपणाला गेलेली नाहीत. तो वास एका दिवसाचा असतो, पण त्याच्यामुळे एक झाड टिकतं आणि एका घरात चार पैसे येतात.

हौस म्हणजे उधळपट्टी, असा आक्षेप घेणारेही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. लग्नासाठी कर्ज काढणारी घरं आहेत. एकदा नेसून टाकून द्यायच्या साड्यांचे ढीग आहेत. पण त्या ढिगाकडे नीट बघावं. त्यात जाणतेपणाने घेतलेली वस्तू क्वचितच सापडते. जिला पदर उलटून बघता येतो ती वर्षाला दहा साड्या घेत नाही. ती एक घेते, मलमलच्या कपड्यात गुंडाळून ठेवते, मधूनमधून घडी बदलते, पुढे लेकीला देते. हापूसची साल, केशरी गर आणि पिकल्यावरचा वास ओळखणारा माणूस नुसतं नाव छापलेली पेटी आंधळेपणाने उचलत नाही. म्हणून हौस कमी करा असं सांगण्यापेक्षा पारख वाढवा असं सांगणं जास्त उपयोगाचं आहे. ते काम शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला होऊ शकतं, महिला मंडळाच्या सहलीत होऊ शकतं, वर्तमानपत्राच्या पुरवणीत होऊ शकतं. सर्वांत चांगलं ते दुकानाच्या गादीवर होतं.

येत्या लग्नसराईत बस्ता बांधायला जाल तेव्हा दुकानदाराला पदर उलटा करून दाखवायला सांगा. रेशमाची आणि हातमागाची खूणचिठ्ठी मागा. माग कुठल्या गावचा, हे विचारा. आणि बरोबर एखादी कंटाळलेली मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्यांना जवळ बोलावून तो मोर मागच्या बाजूनेही दाखवा.