लिंक गावली काय रे?

रविवारी सकाळी साडेसातला तुमच्याकडे चहा-खारी चाललेली असते. मालवणात माझ्या मावशीच्या पडवीत मात्र त्या वेळी आम्ही सहाजण एका लॅपटॉपला चिकटून बसलेलो असायचो. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, त्यामुळे यूएफसीच्या मोठ्या फाइट्स आपल्याला अशा सकाळीच लाइव्ह दिसतात. आणि दर रविवारी पहिला प्रश्न ठरलेला, "लिंक गावली काय रे?"

लिंक गावायचीच. मग सट्ट्याच्या दोन-तीन जाहिराती बंद करायच्या, आणि नेमका ठोसा बसणार तेवढ्यात चित्र गोठायचं. "वायच थांब, दुसरी लावतंय." दुसरी लागेपर्यंत रेफरी कुणाचा तरी हात वर करून मोकळा झालेला असायचा. आम्ही हसायचो. फुकटात बघतोय, मग तक्रार कसली?

एका रविवारी लिंकने 'प्लेअर' नावाचं ॲप डाउनलोड करायला सांगितलं. नेटपॅक शिल्लक होता फक्त मावशीच्या फोनमध्ये. मावसभावाने तिथे ते टाकलं. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, त्याने दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मावशीच्या खात्यातून चार हजार आठशे रुपये गेले होते. बांगडे विकून जमवलेले पैसे होते ते. मेसेज वाचता आले की ओटीपीही वाचता येतो, एवढं साधं गणित आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती लिंक ग्रुपवर टाकणारा मीच होतो. म्हणून हा लेख.

तुम्ही म्हणाल, आम्ही स्टुडंट, पैसे कुठून आणायचे? मीही हेच म्हणायचो. पण जरा तुलना करून बघा. अमेरिकेतल्या चाहत्याला २०२५ पर्यंत एकेका मोठ्या कार्यक्रमासाठी सुमारे ८० डॉलर मोजावे लागत, तेही ॲपच्या वर्गणीव्यतिरिक्त. आपल्याकडे गेली काही वर्षं यूएफसी सोनी स्पोर्ट्सच्या वाहिन्यांवर आणि सोनीलिव्हवर नेहमीच्या वर्गणीतच दिसत आलं आहे. ॲपचा महिन्याचा पॅक साधारण एका सुरमई थाळीच्या आसपास पडतो. सहाजणांनी मिळून भरला तर माणशी एक प्लेट भजी!

आमच्या वाडीसारखी रेंज ये-जा करत असेल, तर ॲपपेक्षा टीव्ही बरा. ट्रायच्या नियमांमुळे २०१९ पासून केबल किंवा डिशवर हवी ती पे-वाहिनी सुटी घेता येते, अख्खा पॅक घ्यायची सक्ती नाही. फक्त फाइट कुठल्या वाहिनीवर आहे ते शनिवारीच बघून ठेवा. हक्क कुणाकडे आहेत हेही अधूनमधून तपासा, कारण ते बदलतात. डब्ल्यूडब्ल्यूई एप्रिल २०२५ मध्ये सोनीवरून नेटफ्लिक्सवर गेलं, तेव्हा कितीजण जुन्याच चॅनेलवर शोधत बसले होते! आणि खिसा अगदीच रिकामा असेल, तर यूएफसीच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर जुन्या फाइट्स आणि हायलाइट्स फुकट आहेत. लाइव्ह नाही, पण फोन शाबूत राहतो.

अजून एक. घरी मित्रांना बोलावून बघणं वेगळं आणि मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावून वीस-वीस रुपये तिकीट घेणं वेगळं. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ३७ प्रसारण करणाऱ्याचे हक्क सांगतं. त्याच्या परवानगीशिवाय पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हा त्या हक्काचा भंग आहे. कलम ६३ खाली त्याला सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. गणपतीत पडदा लावायचा बेत असेल, तर आधी हे वाचा.

चूक फक्त आपलीच आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. महिन्यातून एक फाइट बघणाऱ्याला महिनाभराची वर्गणी का? एका दिवसाचा स्वस्त पास द्या ना! आणि मराठी कॉमेंट्री? २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल मराठीतून ऐकवलं, तेव्हा आमचे आजोबाही मोबाइलसमोर बसले होते. कुस्ती समजणाऱ्या महाराष्ट्राला ग्राउंड गेम मराठीत सांगितला, तर तो किती पटकन कळेल! कुस्तीतूनच आलेला भरत खंडारे २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. सॉन्ग याडॉन्गने पहिल्याच राउंडमध्ये त्याचा गळा आवळला आणि तो हरला. पण भारतातून तिथवर पोचणारा तो पहिला. पुढे ८ जून २०२४ ला उत्तर प्रदेशातल्या बुढाण्याची पूजा तोमर लुईव्हिलमध्ये जिंकली. यूएफसीमध्ये जिंकणारी पहिली भारतीय!

अशा फाइट्स भारतात किती लोक बघतात, हे कंपन्या अधिकृत प्रेक्षकांवरूनच मोजणार. चोरट्या लिंकवरचे आपण त्यांच्या हिशेबात नसतोच. मग मराठी कॉमेंट्री मागायची तरी कुठल्या तोंडाने?

मावशीचे पैसे परत आले नाहीत. आम्ही तक्रार केली ती तिसऱ्या दिवशी, आणि १९३० ही सायबर हेल्पलाइन आहे हेही तेव्हाच कळलं. तुम्ही तो नंबर आजच सेव्ह करा. असं काही झालं तर लगेच फोन लावा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात. आम्ही सहाजणांनी मिळून ते चार हजार आठशे तिला हप्त्याहप्त्याने फेडले. त्या पैशांत सहाजणांना किती महिने फाइट्स बघता आल्या असत्या, तो हिशेब तुम्हीच करा.

आता रविवारी ग्रुपवर वेगळा प्रश्न असतो, "आज कोणाकडे बसाचा?" उत्तर बहुतेक वेळा मावशीकडेच. टीव्ही तिचा, वर्गणी आमची. फोनला मात्र ती हात लावू देत नाही.