आई झाली म्हणजे बाई संपली का?

रीमा लागू हे नाव घेतलं की डोळ्यांपुढे काय येतं? चापूनचोपून नेसलेली साडी, कपाळावर टिकली, तोंडभर हसू आणि शेजारी सलमान खान. ‘सलमानची आई’ ही ओळख त्यांना इतकी चिकटली, की १८ मे २०१७ रोजी त्या हृदयविकारानं गेल्या तेव्हा बहुतेकांनी ‘सिनेमातली आई गेली’ असंच म्हटलं. प्रेमानंच म्हटलं. पण मैत्रिणींनो, या प्रेमात एक गोष्ट आपल्या कधी लक्षातच आली नाही. ती म्हणजे या आईचं वय.

जरा हिशेब करू या. रीमाताईंचा जन्म जून १९५८चा, सलमानचा डिसेंबर १९६५चा. म्हणजे आई मुलापेक्षा साडेसात वर्षांनी मोठी! १९८९च्या डिसेंबरात ‘मैंने प्यार किया’ आला, तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. त्याआधी १९८८मध्ये ‘कयामत से कयामत तक’मध्ये त्या जुही चावलाची आई झाल्या होत्या. आणि कडी म्हणजे १९९९चा ‘वास्तव’. त्यातला मुलगा संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम एका वर्षानं लहान. आपण डोळे पुसत सिनेमा पाहिला, पण ‘अगं, ही याची आई कशी?’ असं कुणाला वाटलं का? नाही वाटलं. एक तर त्यांचा अभिनय तसा होता. आणि दुसरं, बाईनं तिशीतच ‘आई’ होऊन मागे सरकायचं, याची आपल्याला सवयच आहे.

सिनेमा सोडा, आपल्या गल्लीत बघा. पहिलं मूल शाळेत जायला लागलं, की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांची आपण ‘काकू’ होतो. मुलगी वयात आली, की ‘आता तुला हा रंग शोभतो का?’ सुरू होतं. हे म्हणणाऱ्यांत आपल्याच जावा-नणंदा पुढे असतात. आणि चौकातल्या फ्लेक्सवर पंचेचाळिशी ओलांडलेले ‘युवा नेते’ मात्र हात जोडून हसत असतात! तिथे कुणी वय विचारत नाही.

रीमाताई मुळात अशा एका साच्यात मावणाऱ्या नव्हत्याच. माहेरच्या त्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण झालं, पुढे बँकेत नोकरी केली. नोकरी, घर आणि नाटकाच्या तालमी हे सगळं एकत्र सांभाळणं काय असतं, ते नोकरी करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. अभिनेते विवेक लागूंशी लग्न झालं, मुलगी झाली, पुढे दोघं वेगळी झाली. काम थांबलं नाही.

आणि त्यांना रंगभूमीनं काय दिलं? जयवंत दळवींचं ‘पुरुष’ आठवा. दिग्दर्शन विजया मेहतांचं, समोर नाना पाटेकर. रीमाताई त्यात अंबिका होत्या. अंबिका शिक्षिका. एक मस्तवाल पुढारी तिच्यावर बलात्कार करतो, कायदा तिला न्याय देत नाही, आणि शेवटी ती स्वतःच त्याचा हिशेब चुकता करते. ऐंशीच्या दशकात अशी बाई रंगमंचावर ताठ उभी करायची, म्हणजे खायचं काम नव्हतं. ‘सविता दामोदर परांजपे’मध्ये तर एकाच देहात दोन बायका वावरतात. ती भूमिका करायला किती ताकद लागत असेल!

जिला मराठी नाटकानं अंबिका दिली, तिला हिंदी सिनेमानं काय दिलं? पूजेचं ताट आणि लग्नाची घाई.

तरी कौतुक असं, की मिळालं तेही त्यांनी बदलून दाखवलं. त्याआधीची सिनेमातली आई आठवा. पांढरी साडी, शिवणयंत्र, खोकला आणि अश्रू. रीमाताईंची आई हसणारी होती, मुलाशी मैत्रिणीसारखी बोलणारी होती. ‘तू तू मैं मैं’ मालिकेत तर त्यांनी सासूला चक्क विनोदी केलं. सून झालेल्या सुप्रिया पिळगांवकर त्यांच्याहून फक्त नऊ वर्षांनी लहान, पण जुगलबंदी अशी रंगली की घरोघरच्या सासवा-सुना एकत्र बसून हसल्या. चार वेळा ‘फिल्मफेअर’साठी त्यांचं नामांकन झालं. चारही वेळा सहायक अभिनेत्री म्हणून. बाहुली मात्र एकदाही मिळाली नाही.

२०१७ साली, रीमाताई गेल्या त्याच वर्षी, त्यांच्याच पिढीतल्या नीना गुप्तांनी ‘मी चांगली अभिनेत्री आहे, मला काम हवंय’ अशा अर्थाचं जाहीरपणे लिहिलं. पुढच्याच वर्षी ‘बधाई हो’ आला. मोठ्या मुलांची आई उतारवयात गरोदर राहते, त्याची ती गोष्ट. सिनेमा चालला, नीनाताईंचं कौतुकही झालं. मला तेव्हा वाटलं, रीमाताईंना साठीत अशी भूमिका मिळाली असती, तर काय धमाल केली असती त्यांनी!

आई होणं काही कमीपणाचं नाही. पण आई हे नातं आहे, वय नाही. ते नातं जुळलं म्हणून आपल्यातली बाकीची बाई निवृत्त होत नाही. गॅदरिंगमध्ये नाटक गाजवणारी, पेटी वाजवणारी, कबड्डीत चढाई करणारी ती आतच असते. तिला ‘आता काय करायचंय या वयात’ म्हणून गप्प बसवणारे बाहेर पुष्कळ आहेत. निदान आपण तरी त्यांच्यात सामील व्हायला नको. पुढच्या वेळी जाऊबाई नव्या रंगाची साडी नेसून आली किंवा शेजारीण चाळिशीत नाटकाच्या तालमीला निघाली, तर तिचं वय मोजू नका. पहिल्या रांगेत जाऊन बसा.